खोक्यातली वाइन आणि ताटाची डावी बाजू

ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली, पण त्यातली पहिली तीनचार वर्षं मी पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या वाइनच्या वाटेलाच गेले नाही. आल्याआल्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगून ठेवलं होतं की ती ‘गून’, कॉलेजातली पोरं पितात ती, घरी माणसं आली की काढायची नसते. मग एका रविवारी शेजारच्या आजीआजोबांना जेवायला बोलावलं, मी कोल्हापुरी मटण केलं होतं, आमच्या मानाने जरा बेताचंच तिखट, आणि मुद्दाम बरोसा व्हॅलीची चाळीसेक डॉलरची शिराझ, म्हणजे लाल वाइन, आणून ठेवली होती. आजोबा येताना हातात एक चंदेरी पिशवी घेऊन आले. खोकं घरीच ठेवलेलं, नुसती पिशवी, सलाइनसारखी लोंबणारी, फ्रीजमधून थेट आणलेली, बाहेरून दव सुटलेली. मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं.

पहिला घास घेतला, वर शिराझचा घोट घेतला आणि चाळीस डॉलर पाण्यात. मटणाची आग दुप्पट झाली, वाइन कडू लागायला लागली, जीभ कच्ची सुपारी चघळल्यासारखी आखडली. आणि समोर आजोबा आपली गारेगार गोडसर पांढरी वाइन पीत पीत मटण ओरपतायत, दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतायत, घाम पुसतायत आणि खूश! शेवटी आम्हीसुद्धा ग्लास रिकामे करून त्यांच्याच पिशवीतली घेतली. शिराझला झाकण लावून ठेवलं ते दुसऱ्या दिवशी चीज-टोस्टबरोबर संपवली, तेव्हा तीच शिराझ एकदम झकास लागली. म्हणजे दोष वाइनचा नव्हता, मटणाचा तर नव्हताच नव्हता.

हे असं का होतं ते नंतर मी बरंच शोधलं, घरी करून बघितलं, आणि आता माझं ठाम मत झालंय की आपल्या रोजच्या मराठी जेवणाबरोबर वाइन घ्यायचीच असेल तर स्वस्तातली खोक्यातलीच बरी, आणि ती परवडते म्हणून नाही, तर तिच्यात जे नसतं त्यामुळे. सांगते.

आधी खोक्याबद्दल. इथे त्याला कास्क म्हणतात, लाकडी पिंपाशी त्याचा काडीचा संबंध नसला तरी. ॲडलेडपासून अडीचशे किलोमीटरवर मरे नदीच्या काठी रेनमार्क नावाचं गाव आहे, तिथल्या टॉमस अँगोव्ह यांनी १९६५ साली या वाइनच्या खोक्याचं पेटंट घेतलं. पुठ्ठ्यात प्लास्टिकची पिशवी ही आयडिया मात्र त्याआधीची, अमेरिकेत विल्यम शॉल यांनी १९५५ मध्ये काढलेली, आणि ती होती बॅटरीचं ॲसिड भरायला! (हे पाहुणे जेवून उठल्यावर सांगा.) अँगोव्हच्या पहिल्या खोक्यात साडेचार लिटर वाइन असायची पण नळ नव्हता, पिशवीचा कोपरा कात्रीने कापायचा, हवी तेवढी ओतायची आणि वर चिमटा लावायचा, अगदी आपण दुधाच्या पिशवीचं करतो तसं. १९६७ मध्ये चार्ल्स मालपास आणि पेनफोल्ड्स कंपनीने हवाबंद नळाचं पेटंट घेतलं आणि मग गाडी सुटली.

त्यात खरी हुशारी काय आहे ते पखालीवरून पटकन कळतं. जुन्या काळी पखालजी कातड्याच्या पखालीतून पाणी घालायचे, पाणी जाईल तशी पखाल चेपत जायची. या पिशवीचं तेच. बाटलीतून एक ग्लास वाइन काढली की तेवढीच हवा आत शिरते आणि हवेतला ऑक्सिजन वाइनची वाट लावतो, कापून ठेवलेलं सफरचंद काळं पडतं त्यातलाच प्रकार, म्हणून उघडलेली बाटली तीनचार दिवसांत उतरते. पिशवी मात्र आतल्या आत चेपते, हवेला जागाच मिळत नाही, त्यामुळे उघडलेलं खोकं फ्रीजमध्ये चार ते सहा आठवडे आरामात चालतं. पण ही गोष्ट उलटीही आहे. प्लास्टिक काचेइतकं हवाबंद नसतं, न उघडलेल्या पिशवीतसुद्धा महिनोन् महिने थोडी थोडी हवा झिरपतच असते, म्हणून खोकं घेताना त्याच्यावरची तारीख बघायची आणि सेल लागला म्हणून सहा सहा खोकी गॅरेजमध्ये भरून ठेवायची नाहीत. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हे खोक्याला अजिबात लागू नाही, खोक्यातली वाइन म्हणजे भाजी, लोणचं नव्हे.

स्वस्त का, तर मरे नदीच्या पाण्यावर वाढलेली, भरपूर पिकणारी द्राक्षं, मशीनने तोडणी, स्टीलच्या टाक्यांत आंबवलेली, सहसा लाकडी पिंपात न मुरवलेली, काच नाही, बूच नाही. शिवाय इथला वाइनवरचा खास कर घाऊक किमतीच्या २९ टक्के असतो, म्हणजे किंमत कमी तर करही कमी, बियर आणि व्हिस्कीसारखा अल्कोहोल मोजून लावत नाहीत. त्यामुळे चार लिटरचं खोकं वीसेक डॉलरच्या आतबाहेर येतं. चार लिटर म्हणजे नेहमीच्या पाच बाटल्यांहून जास्त.

आता मुद्द्याचं. वाइन आणि जेवणाची जोडी म्हटलं की लोक घाबरतात, फ्रेंच नावं आठवायला लागतात, आणि मग ‘लाल मांसाला लाल, माशाला पांढरी’ एवढंच धरून बसतात. आपल्याला एवढं घाबरायची गरज नाही कारण ही विद्या आपल्याकडे आधीच आहे, ताट वाढताना आपण तेच करतो. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मधे भात. डावी बाजू पोट भरायला नसतीच, उजवीकडच्या पदार्थाला जे कमी आहे ते पुरवायला असते, वरणभाताला आंबट हवं म्हणून लिंबू, तिखट भाजीला थंडावा हवा म्हणून दह्यातली कोशिंबीर. तर वाइन ही डावीकडची वस्तू आहे असं समजा. हिला लिंबाचं काम द्यायचं आहे की कोशिंबिरीचं की चिमूटभर साखरेचं, एवढंच ठरवायचं. माझ्या डोक्यात हे बसलं त्या दिवसापासून मला एकदाही तक्ता बघावा लागला नाही.

मग जिभेवर काय काय घडतं ते बघू, सगळं घरातल्याच अनुभवातलं आहे.

गोड. पेढा खाऊन वर चहा प्यायला की चहात साखरच नाही असं वाटतं. वाइनचंही तसंच, गोड पदार्थाबरोबर वाइन आंबट आणि फिकी लागते. म्हणून पुरणपोळी, श्रीखंड, गुलाबजाम यांच्याबरोबर खोक्यातली कुठलीही वाइन चालत नाही, अगदी गोडसरसुद्धा नाही, मी सगळ्या करून बघितल्या आहेत. पुरणपोळीला दूध आणि तूप आहे, ते पुरे आहे. विषय संपला.

मीठ. कैरीच्या फोडीला मीठ लावलं की ती कमी आंबट आणि जरा गोड लागते. खारं खाल्लं की वाइनचा आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही दबतात, म्हणजे खारे शेंगदाणे, चिवडा, पापड, वेफर्स हे स्वस्त वाइनचे सगळ्यात जवळचे मित्र. मला तर वाटतं बारमध्ये खारे दाणे ठेवायची पद्धत उगाच पडलेली नाही.

आंबट. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन पाणचट लागते, म्हणून आंबट पदार्थाला तेवढीच आंबट वाइन हवी. इथे एक मजा आहे. चिंचेला जो आंबटपणा येतो तो मुख्यतः टार्टारिक ॲसिडमुळे, आणि द्राक्षातलं आणि वाइनमधलं मुख्य आम्लही तेच. म्हणजे चिंचेची आमटी आणि पांढरी वाइन लांबच्या नात्यातल्या म्हणायला हरकत नाही.

तुरट. हे लाल वाइनचं प्रकरण. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं, तेच जे सुपारीत, हिरड्यात, फार उकळलेल्या कोऱ्या चहात असतं. हे टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. त्या कोऱ्या चहात दूध घातलं की तुरटपणा का जातो? कारण टॅनिन लाळेला सोडून दुधातल्या प्रथिनाला चिकटतं. म्हणूनच चीज-टोस्टबरोबर आमची शिराझ सुधारली. तुरट लाल वाइनला चीज, चरबीदार मटण, शेंगदाण्याचं कूट असं काहीतरी चिकटायला लागतं, नुसत्या दुधी भोपळ्याच्या भाजीबरोबर दिली तर ती तुमच्या लाळेवरच जगणार.

आणि तिखट, म्हणजे आमचा रविवार. तिखट ही मुळात चवच नाही, जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या रिसेप्टरला मिरचीतलं कॅप्सेसिन फसवतं आणि मेंदूला वाटतं तोंड भाजलं. अल्कोहोल त्याच रिसेप्टरला आणखी हळवं करतं. म्हणजे साडेचौदा टक्क्यांची तगडी शिराझ कोल्हापुरी रश्श्यावर ओतणं म्हणजे चुलीत रॉकेल ओतणं. वर टॅनिनने लाळ काढून घेतलेली, भाजलेल्या तोंडाला ओलावाही नाही. याउलट गारवा आग शमवतो, साखर आग शमवते, ठसका लागला की आई चिमूटभर साखर तोंडात टाकायची ती काही वेडी नव्हती. म्हणून तिखट जेवणाला वाइन हवी कमी अल्कोहोलची, तुरटपणा नसलेली, जराशी गोड आणि एकदम थंड. आता इथल्या वाइनच्या दुकानात जाऊन अशी वाइन शोधा, ती सगळ्यात खालच्या फळीवर चार लिटरच्या खोक्यात मिळेल.

तिचं नाव ‘फ्रूटी लेक्झिया’. लेक्झिया म्हणजे अलेक्झांड्रियाचं लाडकं रूप, द्राक्षाचं पूर्ण नाव मस्कट ऑफ अलेक्झांड्रिया, फार जुनं, वासाचं द्राक्ष, रेनमार्ककडच्या उन्हात मस्त पिकतं. त्या वासात लिनालूल नावाचं द्रव्य असतं, आणि तेच लिनालूल आपल्या धण्याच्या वासातलं मुख्य द्रव्य आहे. मला हे कळलं तेव्हा मी उठून धण्याची बरणी उघडून वास घेतला, मग ग्लासचा, मग परत बरणीचा, नवरा म्हणाला काय चाललंय. पण खरंच आहे ते! धणे-जिरे पूड, कोथिंबीर घातलेल्या कुठल्याही भाजीबरोबर ही वाइन परकी वाटत नाही. वाइन समजणारी मंडळी या लेक्झियाला नाकं मुरडतात, सरबत म्हणतात. म्हणू देत, मिसळीबरोबर त्यांची महागडी बाटली उघडून बघा म्हणावं.

माझ्या मते लेक्झियाचा खरा जोडीदार मात्र मिसळ नाही, अळूवडी आहे. चिंच, गूळ, तिखट, बेसन, तळलेली कुरकुरीत कड, सगळं एकाच घासात, आणि वाइनमध्येही आंबट, गोड, वास. इथे एशियन दुकानात अळूची पानं मिळतात, एका संक्रांतीला जमलेल्या मंडळींना दिली होती, सोळा जण होते, खोकं रात्री दहाला हलकं लागायला लागलं.

दुसरं खोकं घरात असावं ते ‘क्रिस्प ड्राय व्हाइट’चं. ड्राय म्हणजे सुकी वगैरे काही नाही, ड्राय म्हणजे अगोड, द्राक्षातली जवळपास सगळी साखर आंबून अल्कोहोल झालेली. ही वाइन म्हणजे लिंबाची फोड. जिथे जिथे तुम्ही पदार्थावर लिंबू पिळता तिथे तिथे ही. कांदाभजी, बटाटेवडा, कोथिंबीर वडी, तळलेले मासे, पोहे, आणि हसू नका, तूप घातलेला वरणभात. तेलकट-तुपकट जिभेवर आंबट घोट गेला की तोंड परत स्वच्छ, पुढचा वडा पहिल्यासारखा लागतो. साबुदाण्याच्या खिचडीबरोबरही फार छान जाते, दाण्याचं कूट, जिरं, लिंबू, मात्र उपासाच्या दिवशी नको, तेवढं तारतम्य ठेवा. एक सूचना, बटाटेवड्याबरोबर लसणाची सुकी चटणी घ्याल ती बेताने, नाहीतर ड्राय व्हाइट सोडून लेक्झियाकडे या.

माशांचं जरा सविस्तर सांगते कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात. इथे किंग जॉर्ज व्हायटिंग नावाचा मासा मिळतो, नाजूक, गोडसर, रवा लावून तळला की आमच्या घरी दोन मिनिटं कुणी बोलत नाही. त्याला ड्राय व्हाइट, प्रश्नच नाही. पण माशाबरोबर लाल वाइन का नको? चव दबते म्हणून वगैरे सांगतात, खरं कारण जास्त गमतीचं आहे. जपानमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की वाइनमध्ये लोह जितकं जास्त तितका माशाबरोबर हिमसाचा, म्हणजे माशाचा तो उग्र वास जास्त येतो. लोह माशाच्या चरबीतल्या घटकांबरोबर मिळून तो वास तयार करतं. लाल वाइनमध्ये लोह सहसा जास्त असतं म्हणून लाल बदनाम. मासा जितका तेलकट तितका धोका मोठा, म्हणजे बांगडा, तारली, आणि सुकट-बोंबील तर विचारूच नका. सुक्या जवळ्याच्या चटणीबरोबर मी एकदा लाल घेतली होती, तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं वाटलं.

माशाची आमटी मात्र वेगळी. कोकम आणि नारळाचं दूध असलेली कालवणं आंबट-गोड-तिखट तिन्ही असतात, त्यांना मी दोन खोकी मिसळते, अर्धी ड्राय व्हाइट अर्धी लेक्झिया. हो, मिसळते. बाटलीच्या बाबतीत हे पाप आहे, खोक्याला कसलं पाप, कंपनीने तरी टाकीत तेच केलेलं असतं. जेवणाला सोलकढी असेल तर वाइन ठेवून द्या, सोलकढी स्वतःच डावी बाजू आहे, एका ताटात दोन लिंबू कशाला.

लाल खोक्याबद्दल. ‘सॉफ्ट रेड’, ‘ड्राय रेड’, ‘कॅबरने मर्लो’, ‘शिराझ कॅबरने’ अशी नावं असतात. रोजच्या जेवणाला सॉफ्ट लिहिलेली घ्या. आपल्याकडची लाल वाइनला सगळ्यात चांगली भाजी म्हणजे भरली वांगी, मी पैजेवर सांगते. दाण्याचं कूट, सुकं खोबरं, तीळ, हे सगळं टॅनिनला चिकटायला, आणि गोडा मसाल्यातली लवंग-दालचिनी, थोडा गूळ असेल तर वाइन जराशी फळाळ हवी, खोक्यातली असतेच. मसालेभात आणि वर तूप, चालतं. राजमा, सुकं मटण, खिमा, बार्बेक्यूवरचे लॅम्ब चॉप्स, चालतं. काळ्या मिऱ्याचं मटण सुक्कं असेल तर शिराझ असलेलं खोकं घ्या. काळ्या मिऱ्यांच्या वासातलं रोटंडोन नावाचं द्रव्य शिराझमध्येही असतं, हे इथे ॲडलेडच्याच वाइन संशोधन संस्थेने २००८ मध्ये शोधलं. आता खरं सांगायचं तर ते थंड भागातल्या शिराझमध्ये जास्त असतं आणि खोक्यातली द्राक्षं तापलेल्या मैदानातली, त्यामुळे खोक्याकडून मिऱ्यांची फार अपेक्षा नको, वरून दोन मिरे तुम्हीच कुटून घाला.

ज्याबरोबर काहीच जमत नाही तेही सांगते. हिरव्या मिरचीचा खर्डा आणि कच्चा कांदा, म्हणजे पिठलं-भाकरीचं ताट. सगळं करून बघितलं, ताकच बरं. ताजं लोणचं, कैरीचं असो की लिंबाचं, त्याच्या आंबट-खारट-तिखटापुढे वाइन गुडघे टेकते.

आता ‘महागडी वाइन आपल्या जेवणाला नको’ असं मी का म्हणते ते लक्षात आलं असेल. चाळीस डॉलर कशाचे देतो आपण? ओकच्या पिंपाचा वास, भरगच्च टॅनिन, जास्त अल्कोहोल, आणि हळूहळू उलगडणारे बारीक बारीक वास. पहिल्या तीन गोष्टी तिखटाशी भांडतात आणि चौथी हिंगाच्या फोडणीपुढे ऐकूच येत नाही. ती वाइन शांतपणे, चीज किंवा नुसत्या भाजलेल्या मटणाबरोबर, किंवा जेवणाआधी नुसती प्या, तिला न्याय मिळेल. फोडणीच्या घरात साधी, फळाळ, थंड वाइनच नांदते.

थंड म्हणजे किती, हे फार जण चुकतात. वितळलेलं आइस्क्रीम गोडमिट्ट का लागतं? कारण गारठ्यात जिभेला गोडवा कमी कळतो. म्हणून लेक्झिया कोमट झाली की पाकासारखी लागते, ती फ्रीजमधून काढल्या काढल्या प्यायची, सहाआठ डिग्रीला. ड्राय व्हाइट आठदहाला. आणि लाल ‘रूम टेंपरेचर’ला असं जे म्हणतात ती रूम म्हणजे युरोपातलं जुनं गार घर, जानेवारीतलं ॲडलेड नव्हे, इथे पारा चाळिशी ओलांडतो. लाल खोकंही फ्रीजमध्येच ठेवा आणि जेवणाआधी वीस मिनिटं ग्लासात ओतून बाहेर ठेवा. फार गार असेल तर तुरट लागेल, फार गरम असेल तर अल्कोहोल नाकात जाईल. फ्रीजमध्ये जागा नसेल तर शेजारच्या आजोबांची युक्ती, पुठ्ठा फाडून टाका, पिशवी भाज्यांच्या कप्प्यात आडवी घाला, मेथीच्या जुडीशेजारी.

खोकं नवीन उघडलं की पहिल्या ग्लासाला कधीकधी ओढलेल्या काडीसारखा उग्र वास येतो. घाबरू नका, तो सल्फरचा, वाइन टिकावी म्हणून घालतात, आणि प्लास्टिकमधून हवा झिरपते म्हणून खोक्यात बाटलीपेक्षा जरा सढळ हाताने घालतात. लोटीत ओता, दुसऱ्या लोटीत उंचावरून ओता, चहा निववतो तसं दोनतीनदा केलं की वास जातो. काचेच्या जगमध्ये ओतून टेबलावर ठेवली तर दिसायलाही बरी दिसते आणि पाहुण्यांना खोकं दिसत नाही, सासूबाईंनाही नाही.

शाकाहारी मंडळींसाठी एक महत्त्वाचं, जे फार कमी जणांना माहीत असतं. वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा, दुधातलं प्रथिन किंवा माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास वापरतात, नंतर ते गाळून टाकतात. दूध-अंडं वापरलं असेल तर इथे लेबलवर लिहावं लागतं, माशाच्या आयसिंग्लासला मात्र त्यातून सूट आहे. म्हणून आमच्याकडे चातुर्मास पाळणारी एक मैत्रीण येते तेव्हा मी ‘व्हेगन’ लिहिलेलं खोकंच आणते. (ती चातुर्मासात वाइन कशी घेते हे मी विचारत नाही.)

भारतात असाल तर असं खोकं सहजासहजी मिळेलच असं नाही, पण युक्ती तीच चालते. माझं माहेर नाशिकचं, तिथल्या स्वस्तातल्या शेनिन ब्लां नावाच्या पांढऱ्या वाइनमध्ये बऱ्याचदा थोडी गोडी ठेवलेली असते, तिला लेक्झियाच्या जागी धरा, सोव्हिन्यों ब्लांला ड्राय व्हाइटच्या जागी. फक्त बाटली उघडली की तीन दिवसांत संपवायची, किंवा उरलेली गच्च भरेल अशा छोट्या बाटलीत काठोकाठ ओतून फ्रीजमध्ये ठेवायची, हवेला जागा नको एवढंच.

आणि खोक्याचा एक मोठा धोका आहे, आत किती उरलंय ते दिसत नाही आणि तुम्ही किती घेतली तेही दिसत नाही. बाटली अर्धी झाली की डोळ्यांना कळतं, पिशवी शेवटपर्यंत खोक्यात निवांत बसलेली. इथे एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे दहा ग्रॅम अल्कोहोल, साडेबारा टक्क्यांच्या वाइनचे १०० मिली. इथल्या आरोग्य परिषदेचा २०२० चा सल्ला आठवड्याला दहापेक्षा जास्त नको आणि एका दिवसात चारपेक्षा जास्त नको असा आहे. मी नळाखाली सरळ मोजायचा कप धरते, शंभरच्या रेघेपर्यंत, मग ग्लासात. खोक्याचा खरा फायदाही हाच, बाटली उघडली की ती संपवायची जबाबदारी अंगावर येते, इथे मंगळवारी रात्री दोन भज्यांबरोबर अर्धा कप घ्या आणि नळ बंद करा, कुणाला हिशोब द्यायचा नाही.

नळातून धार यायची थांबली तरी पिशवीत अजून एखादा ग्लास असतो. पुठ्ठ्यातून पिशवी काढायची, नळाकडे चेपत चेपत आणायची, टूथपेस्टचं शेवटचं करतो तसं. रिकामी पिशवी इथली पोरं फुगवून उशी करतात, कॅम्पिंगला. आमच्याकडे ती धुऊन पाणी भरून फ्रीझरमध्ये जाते, सासूबाई आल्या की गुडघ्यावर ठेवायला. मागच्या वेळी विचारत होत्या, ही पखाल कुठे मिळते गं, पुण्याला न्यायला दोन दे. तीन आठवड्यांत दोन रिकाम्या कशा करायच्या यावर मी आणि नवरा अजून विचार करतोय.